गुडघा की गर्दी?

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत फौजेतून आलेल्या माणसाला त्याचं पद कोणतंही असो, ‘मेजर’च म्हणतात. नाईक असो, हवालदार असो, पारावर येऊन बसला की तो मेजर. यातल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या काहींबद्दल घरची माणसं सारखीच तक्रार करतात. बाजारला जात नाहीत. लग्नाला गेलेच तर अक्षता पडायच्या आत मांडवाबाहेर. एसटीचं नाव काढू देत नाहीत. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: गुडघे गेलेत.

गुडघे गेलेले असतातही. वीस-वीस वर्षं पाठीवर ओझं घेऊन चढ चढलेल्या माणसाचे जाणारच. पण गुडघा हे सांगायला सोपं कारण आहे. गुडघ्याची लाज वाटत नाही. भाजीच्या गल्लीत मागे कोण उभं आहे ते दिसत नाही म्हणून छातीत धडधडतं, हे सांगायची मात्र फौजी माणसाला फार लाज वाटते. उलटही घडतं. एकदा कागदावर पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार, असं लिहिलं गेलं की प्रत्येक गोष्ट त्याच्याच माथी मारली जाते, आणि मांड्यांतलं बळ खरोखर सरलंय हे कोणी बघतच नाही. आबा उठत नाहीत म्हणजे उदास आहेत, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात त्यांना उठवतच नसतं.

न होणारं काम एकच, पण त्याची मुळं दोन असू शकतात. नुसतं विचारून ती वेगळी होत नाहीत, मोजावं लागतं. आणि मोजायला खुर्ची, घड्याळ आणि तीन मीटर मोकळी जागा पुरते.

आधी ही माणसं कोण, ते. १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत असलेला विशीतला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९८७ ते ९० या काळात शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलेला पंचविशीतला जवान साठी पार करून गेला. सियाचिनवर १९८४ पासून फौज आहे, तिथे पहिल्या काही वर्षांत राहून आलेलेही आता म्हातारे झाले. यातले बहुतेक जण चाळिशीच्या आतबाहेर पेन्शनवर आले आणि लगेच दुसऱ्या कामाला लागले. कोणी बँकेत रखवालदार, कोणी कारखान्याच्या गेटवर, कोणी शेतात. वीस-पंचवीस वर्षं ते काम त्यांना बांधून ठेवत होतं: ठरलेली वेळ, गणवेश, रात्रपाळी, चालणं. रात्री झोप येत नाही ही अडचण रखवालदाराच्या नोकरीत गुण ठरते! साठीला ती नोकरी सुटते, शेत मुलाकडे जातं, आणि रिकाम्या दुपारी जुनं सगळं वर येतं. अमेरिकेत बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या अभ्यासकांनी म्हातारपणी वर येणाऱ्या या ताणाला २००६ च्या सुमारास वेगळं नावही दिलं. इतकी वर्षं ठीक होते, आताच काय झालं, असं घरचे बुचकळ्यात पडून विचारतात तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. आताच काही झालेलं नसतं. इतकी वर्षं जे झाकलेलं होतं ते उघडं पडलेलं असतं.

पीटीएसडीची लक्षणं चार बाजूंनी येतात. घडलेलं नको तेव्हा आठवतं, स्वप्नात येतं. आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, विषय टाळले जातात. मन बधिर होतं, कशात रस वाटत नाही, दोष स्वतःकडेच जातो. आणि शरीर कायम पहाऱ्यावर असतं: दचकणं, चिडणं, तुटक झोप. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडलं, की डॉक्टर निदानाचा विचार करतात. हे नाव अमेरिकी निदानसूचीत आलं १९८० साली. म्हणजे १९७१ ची लढाई करून सुट्टीवर आलेल्या जवानाची झोप का उडाली, याला गावातल्या काय, मिरजेतल्या डॉक्टरकडेही तेव्हा नाव नव्हतं. ‘स्वभाव तापट झालाय’ एवढ्यावर भागवलं गेलं.

या चारांतल्या दुसऱ्या बाजूकडे, टाळण्याकडे, नीट बघावं. बाजार टाळला की आठवड्याची दोन किलोमीटरची चाल गेली. एसटी टाळली की उंच पायरी चढणं गेलं. देवळातली गर्दी टाळली की मांडी घालून बसणं आणि त्यातून उठणं गेलं. मनाने काढलेली सुट्टी मांडीचे स्नायू भोगतात, कारण वापर थांबला की मोठे स्नायू लवकर वाळतात. त्यात तुटकी झोप, जुनी कंबरदुखी, विडी-सिगारेट आणि संध्याकाळचा पेग. पीटीएसडी असलेल्यांत हृदयविकार आणि मधुमेह जास्त आढळतात, हे आता सर्वमान्य आहे. दोन-तीन वर्षांत गुडघे खरोखरच जातात, आणि सुरुवातीला जी सबब होती ती वस्तुस्थिती होते.

आता मोजणं. लाकडी, पक्की, हात नसलेली खुर्ची घ्यायची. बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटीमीटर. घरोघरची प्लास्टिकची खुर्ची या कामाला वाईट, पाय फाकतात आणि मागे सरकते. खुर्ची भिंतीला टेकवायची. पायात स्लीपर नको, बूट किंवा अनवाणी. दोन्ही हात छातीवर आडवे, तळवे खांद्यांवर. सुरू म्हटल्यावर पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, आणि ३० सेकंदांत किती वेळा उभं राहता आलं ते मोजायचं. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेला असेल तर ते धरायचं. उठताना हातांचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्याप्रमाणे पुरुषांत ६० ते ६४ वयाला १४ पेक्षा कमी, ६५ ते ७४ ला १२ पेक्षा कमी, ७५ ते ७९ ला ११ पेक्षा कमी आणि ८० ते ८४ ला १० पेक्षा कमी म्हणजे पायांत बळ कमी आणि पडण्याची भीती जास्त. आकडे तिकडचे आहेत, त्यामुळे पास-नापास म्हणून नव्हे, तर दर महिन्याला स्वतःशीच ताडून बघायला वापरावेत.

दुसरी चाचणी याहून सोपी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवर खडूने मारलेल्या रेघेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तोल सांभाळायचं काम आधी. चालीचा वेगही त्याच जागेत कळतो. सेकंदाला एक मीटरपेक्षा हळू चाल ही आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत कमी धरली आहे. हायवेलगतच्या गावात तर ती सरळ जिवाशी गाठ आहे.

फौजी माणसाची चाचणी घेताना काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. त्याच्या मागे उभं राहायचं नाही, बाजूला किंचित पुढे, त्याला दिसेल असं. आधाराला हात लावायचा तर आधी सांगून. दरवाजा त्याच्या नजरेत हवा. मोबाईलच्या घड्याळाचा आवाज बंद, शिट्टी तर नकोच. काय होणार ते सगळं आधी सांगायचं: “मेजर, अर्धा मिनिट उठाबस करायची. मी फक्त मोजणार. धाप लागेल, छाती धडधडेल, ती मिनिटा-दोन मिनिटांत खाली येईल.” हे शेवटचं वाक्य गाळू नये, त्याचं कारण पुढे येईल. आणि एक: आकडा म्हटला की फौजी चुरशीला पेटतो. दम कोंडून उठू नका, हे दोनदा सांगावं लागतं.

याच्या जोडीला वहीचं एक पान. टेलिफोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैशाचे व्यवहार ही आठ कामं लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये मांडली आणि म्हाताऱ्या माणसाचं रोजचं जगणं आजही त्यांवरच जोखतात. गंमत म्हणजे मूळ पद्धतीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं यांचे गुण लावतच नसत. फौजी पुरुषाला मात्र धुण्याचे लावायला हरकत नाही. बरॅकीत स्वतःचे कपडे स्वतः धुतलेला, बिस्तरा चौकोनी घातलेला माणूस आहे तो. प्रत्येक कामापुढे तीन रकाने: जमतं का, करतात का, आणि करत नसतील तर कोण करतं. आठवडाभर भरायचं, तेही बायको किंवा सून आणि मेजर यांनी वेगवेगळं. दोन्ही पानं जुळली नाहीत तर ती तफावतच बोलकी असते.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. तीस सेकंदांत चौदा उठाबशा, तीन मीटर जाऊन-येऊन नऊ सेकंद, आणि आठ महिन्यांत बाजार एकदाही नाही, तर अडचण गुडघ्यात नाही. सात उठाबशा, पंधरा सेकंद, आणि बाजारही नाही, तर आधी पाय बळकट करा, गर्दीचं नंतर बघू. कारण पायांवर भरवसा नसलेल्या माणसाला गर्दीची भीती वाटणं हे आजाराचं नव्हे, शहाणपणाचं लक्षण आहे. बहुतेकांत दोन्ही थोडं थोडं असतं. पण कुठून सुरुवात करायची ते कळतं, आणि मुख्य म्हणजे मेजरांनाही कळतं.

व्यायामाने पीटीएसडी बरा होतो असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्यावरचा पहिला उपचार म्हणजे प्रशिक्षित माणसाबरोबर आघातालाच थेट हात घालणारी बोलण्याची उपचारपद्धती, आणि जोडीला गरजेप्रमाणे औषधं. व्यायामाचं काम वेगळं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमच्या माजी सैनिक रुग्णालयात १९८६ पासून ‘जेरोफिट’ नावाचा म्हाताऱ्या सैनिकांचा व्यायामवर्ग चालतो. त्याच धर्तीवर पीटीएसडी असलेल्या साठीपुढच्या पन्नासेक जणांवर बारा आठवड्यांचा छोटा अभ्यासही तिथे झाला. दम वाढला, लक्षणंही काहीशी उतरली. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमला चढवू नये. पण दमसास, पायांतलं बळ आणि झोप सुधारायला म्हाताऱ्या फौजीला पीटीएसडी आड येत नाही, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

सुरुवात कशी करावी? आधी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये एक फेरी: रक्तदाब, साखर, हृदयाची पट्टी, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. वरचा रक्तदाब १८० च्या वर किंवा खालचा ११० च्या वर असेल, छातीत दुखत असेल, तर आधी ते. नंतर पहिले दोन आठवडे हास्यास्पद वाटेल इतकं कमी. खुर्चीवर जाड उशी ठेवून पाच उठाबशा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा. भिंतीवर तळवे टेकून दंड आठ वेळा. ओट्याला लागून पाय जुळवून दहा सेकंद उभं राहणं, जमलं की एक पाय अर्धा पुढे, मग टाचेला अंगठा लावून. आणि दिवसातून दोनदा दहा मिनिटं चालणं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतकी गती पुरे.

तिसऱ्या आठवड्यात उशी काढायची. सलग दोन दिवस ठरलेल्यापेक्षा दोन जास्त सहज झाल्या तरच संख्या वाढवायची, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आठच्या दोन फेऱ्या, मग दहाच्या तीन. जिन्याची खालची पायरी चढ-उतार, कठड्याला धरून. एसटीची पहिली पायरी घरच्या पायरीपेक्षा बरीच उंच असते, तिची तयारी इथूनच होते. ओझ्याला डंबेल आणायची गरज नाही. बादलीत पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो. एका हातात पाचची बादली नेण्यापेक्षा दोन हातांत तीन-तीनच्या नेल्या तर कंबर वाकडी होत नाही. सहाव्या आठवड्यानंतर दळणाचा डबा गिरणीपर्यंत. बाराव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाल झाली की जागतिक आरोग्य संघटनेची १५० मिनिटांची किमान मर्यादा गाठली. बळाचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस आणि पासष्टीपुढे तोलाचा तीन दिवस, हेही त्याच शिफारशीत आहे.

जमिनीवरून उठणं वेगळं शिकवावं, कारण एकदा पडून उठता न आलेला माणूस त्यानंतर मोरीत जायलाही घाबरतो. पाठीवर असाल तर आधी कुशीवर. खालच्या कोपरावर भार देऊन अर्धवट उठायचं. मग रांगायच्या स्थितीत, गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर. रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत. दोन्ही तळवे बैठकीवर. चांगला पाय पुढे टेकायचा, हातांनी दाबत वर यायचं आणि लगेच चालू न लागता त्याच खुर्चीवर वळून बसायचं. मिनिटभर थांबायचं. आठवड्यातून दोनदा, गादीवर, कोणीतरी जवळ असताना. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय नाही.

बिघडतं ते बहुतेक पहिल्या पंधरवड्यात, आणि आळसामुळे नव्हे, तर उत्साहामुळे. पीटी म्हणजे घाम आणि धाप, ही शिकवण हाडात गेलेली असते. पूर्ण सामानासह पाच किलोमीटर धावलेल्या माणसाला खुर्चीवरच्या पाच उठाबशा म्हणजे थट्टा वाटते. तिसऱ्या दिवशी तो पहाटे एकटाच पळायला जातो, चौथ्या दिवशी गुडघा सुजतो, आणि ‘मी म्हणालो नव्हतो?’ असं म्हणत महिनाभर बसून राहतो. म्हणून नियम असा: व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. उरलं तर मात्रा निम्मी.

दुसरा बिघाड जास्त फसवा. व्यायामात छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम येतो. घाबरल्यावरही अगदी हेच होतं. जुन्या पहारेकऱ्यासारखं शरीर या खुणा ओळखतं आणि धोक्याची घंटा वाजवतं. माणूस मध्येच थांबतो, चिडतो, निघून जातो, आणि ‘मला सोसत नाही’ असं ठरवून टाकतो. म्हणून आधी सांगून ठेवायचं, सुरुवात पाच-सात मिनिटं अगदी संथ, शेवटही तसाच. धडधड किती वेळात उतरली ते त्यांनाच घड्याळात बघू द्यायचं. पुन्हा पुन्हा वर जाऊन खाली आलेली धडधड शरीराला शिकवते की ही धडधड म्हणजे संकट नव्हे. माझ्या मते व्यायामाचा या आजारातला सगळ्यात मोठा फायदा हाच. स्नायू त्याच्यानंतर.

आणि कृपा करून डोळे मिटायला लावू नका. शवासनात डोळे बंद, खोलीत अंधार, आजूबाजूला अनोळखी माणसं: निरोगी माणसाला हे विश्रांतीचं वाटतं, इथे उलटं होतं. डोळे उघडे, पाठ भिंतीला, नजर समोरच्या एका वस्तूवर, आणि श्वास सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब, इतकं पुरे. व्यायामशाळेत वजनं आपटल्याचा आवाज, भोंग्यावरची गाणी, आरशात मागून येणारी माणसं, सगळंच नको ते. देवळाचा सभामंडप दुपारच्या आधी, शाळेचं मैदान किंवा सरळ स्वतःचं अंगण बरं. आणखी तीन-चार फौजी मिळाले तर त्याहून चांगलं काही नाही. त्यांना एकमेकांना काही समजावून सांगावं लागत नाही, आणि एक आला नाही तर बाकीचे त्याच्या दारात जातात.

वेळ पहाटेची नको. पाचला उठायची सवय असते हे खरं, पण वाईट स्वप्नांसाठी दिली जाणारी प्राझोसिन आणि प्रोस्टेटसाठीची तिच्याच कुळातली औषधं उभं राहताना रक्तदाब पाडतात. पाच मिनिटं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरला सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. रात्री लघवीला उठताना आधी काठावर बसून पोटऱ्या दहा वेळा हलवायच्या, मग उभं राहायचं. झोपेच्या काही गोळ्या म्हातारपणी तोल घालवतात, आणि पीटीएसडीत त्यांचा उपयोगही नाही. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना बेन्झोडायझेपाइन गटाच्या गोळ्या देऊच नका म्हणतात. आपल्याकडे त्या वर्षानुवर्षं चालू असतात, पण एकदम तोडल्या तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या. कँटीनच्या कोट्यातली रम झोप आणते असं वाटतं. आणतेही, पण मध्यरात्री मोडते, आणि मग मोरीच्या वाटेवर पडणं ठरलेलं. सकाळी आठ-नऊला, चहा-नाश्ता झाल्यावर व्यायाम करावा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी कधीच नाही.

रात्र वाईट गेली तर काय? शून्य करायचं नाही, निम्मं करायचं. पाच उठाबशा आणि अंगणात पाच मिनिटं. सुट्टीचा एक दिवस दोन होतो आणि दोनाचे पंधरा होतात, हे या आजारात फार पटकन होतं. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत बाहेरची चाल बंद, घरातला व्यायाम चालू, हे आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावं. ऐनवेळी ठरवायला गेलं की भांडण होतं.

आता घरच्यांबद्दल थोडं कडू. “तुम्ही बसा हो, मी आणते,” हे वाक्य प्रेमाचं आहे. चाळीस वर्षं त्या माउलीने घर, शेत, पोरं एकटीने ओढलीत. नवरा सीमेवर असताना ओढलीत, आणि तो घरी आल्यावर त्याचा राग सोसत ओढलीत. दळण तीच आणते, बँकेत तीच जाते, दारावर कोणी आलं तर ‘हे झोपलेत’ असं तीच सांगते. तिच्या प्रत्येक मदतीने मेजरांचं जग हातभर आकसतं. एकदम सगळं सोडून देणंही चूक. वहीच्या पानावरचं एकच काम निवडायचं, तेही त्यांनी निवडलेलं, आणि दोन आठवडे ते कितीही हळू, कितीही वाकडं झालं तरी हात लावायचा नाही. दूध आणणं चांगलं: रोज असतं, वेळ ठरलेली असते, डेअरीवर गर्दी असली तरी पाच मिनिटांची. बाजार नंतर. आधी बाजार नसलेल्या दिवशी त्या गल्लीतून नुसतं चालून यायचं, मग बाजारच्या दिवशी सकाळी दुकानं मांडत असताना, मग भरल्या बाजाराच्या कडेच्या एका दुकानात एकच जिन्नस. प्रत्येक पायरीवर अस्वस्थता निम्मी होईपर्यंत थांबायचं, पळून यायचं नाही. आणि ही पायरी घरच्यांच्या बळावर चढत नसेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं. पॉलिक्लिनिकमधून पुढची चिठ्ठी मिळते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट राहू देता येणार नाही. रखवालदारीच्या नोकरीसाठी घेतलेली परवान्याची बंदूक अनेक माजी सैनिकांच्या घरी असते, नोकरी सुटली तरी कपाटात राहते. माणूस जगण्याला कंटाळल्याचं बोलू लागला, निरवानिरव करू लागला किंवा रात्र-रात्र एकटाच बसू लागला, तर ती बंदूक त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करता येते. त्याच्याशी बोलून, शक्यतो जुन्या सोबत्याला मध्ये घालून. व्यायाम, वही, बाजार, सगळं त्यानंतर.

बारा आठवड्यांनी पुन्हा तीच खुर्ची, तीच उंची, तीच वेळ. दोन-तीन उठाबशा वाढल्या असतील तर तो मोठा फरक आहे. काहीच वाढलं नसेल तर तीन गोष्टी तपासा: मात्रा खरंच वाढवली होती का, पोटात डाळ, दूध, अंडी यांपैकी पुरेसं काही जातंय का, आणि झोपेत श्वास अडकून घोरण्याचा आजार तर नाही ना. हा शेवटचा पीटीएसडीवाल्यांत बराच आढळतो आणि ओळखला जात नाही.

उद्दिष्ट म्हणून मला हयातीचा दाखला फार सोयीचा वाटतो. वर्षातून एकदा येतो, तारीख आधीच माहीत असते, चुकवून चालत नाही. २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्याही तो काढता येतो, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती मोठी सोय आहे. पण ज्यांना चालता येतं त्यांच्यासाठी पोरांनी लगेच मोबाईल पुढे करू नये. ऑगस्टपासून तयारी करायची: एसटीची पायरी, स्टँड ते बँक अंतर, रांगेत पंधरा मिनिटं उभं राहणं. बँक उघडताना पेन्शनरांची झुंबड असते, म्हणून साडेअकरा-बाराच्या सुमारास. भिंतीकडे पाठ करून बसायला मिळेल असं बाक आधी हेरून ठेवायचं. सोबत कोणी गेलंच तर शेजारी, मागे नाही. पासबुक, आधार आणि पेन्शनचा कागद त्यांच्याच खिशात, आणि खिडकीवर बोलायचं तेही त्यांनीच. त्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तरीही नाहीच जमलं, तर मोबाईल आहेच.